जाड फांदी वर की खाली

मावशीचं काम लोकांना समजावून सांगणं अवघड होतं, म्हणून आमच्या घरातले सगळे "ती फोटो बघते" एवढ्यावर विषय संपवत. ऐकणाऱ्याला वाटे, कुठल्यातरी स्टुडिओत असेल. मावशी ते खोडून काढत नसे. फोटो ती बघतच होती. फक्त त्या फोटोंत माणसं नव्हती, झाडं नव्हती, काहीच नव्हतं म्हटलं तरी चाललं असतं. राखाडी पार्श्वभूमी आणि तिच्यावर केसासारख्या रेघा.

खोलीला खिडक्या होत्या, पण त्यांवर जाड काळे पडदे कायमचे ओढलेले. छताजवळच्या प्रोजेक्टरमधून फिल्मवरचं एकेक चित्र खाली पांढऱ्या टेबलावर पडे आणि मावशी त्यावर ओणवी होऊन बघे. अशी दोन टेबलं होती. दुसऱ्या टेबलावर जी बसे तिला सगळे घाईबाई म्हणत, कारण तिचं रीळ नेहमी आधी संपे आणि मग ती दुसऱ्यांच्या कामाकडे बघत चहा पीत बसे. तिचं टेबल भिंतीला असं चिकटवलेलं होतं की खुर्ची पलीकडच्या बाजूलाच मावे. त्यामुळे मावशीला जे चित्र सुलटं दिसे ते घाईबाईला उलटं. इतक्या वर्षांत तिला त्याची सवय झाली होती. ती म्हणे, माझ्या नवऱ्यालाही मी उलटाच बघते, माझं काही अडत नाही.

चित्रं यायची ती शेजारच्या मोठ्या इमारतीतून. तिथे अतिशय वेगवान कणांचा एक झोत धातूच्या ठोकळ्यावर तिरका येऊन आदळे. त्या टक्करीतून तऱ्हेतऱ्हेचे नवे कण उडत. ज्यांच्यावर विद्युतभार असे त्यांना चुंबक बाजूला ओढून घेई. ज्यांच्यावर काहीच भार नसे ते सरळ पुढे एका मोठ्या टाकीत शिरत. टाकीत उकळायच्या बेताला आणून ठेवलेला द्रव होता. त्यातून भार असलेला कण गेला की त्याच्या मागे बारीक बुडबुड्यांची रेघ उठे आणि ती विरायच्या आत कॅमेरा तिला टिपून घेई. भार नसलेल्याची रेघ उमटतच नसे. पण त्यांच्यातला एक, ज्याला लॅम्डा म्हणतात, तो टाकीत मधेच कुठेतरी मोडे. त्याचे दोन तुकडे होत, आणि तुकड्यांवर मात्र भार असे. म्हणजे रिकाम्या जागेतून अचानक दोन रेघा फुटत, एक जाड आणि एक बारीक. जाड रेघ जड तुकड्याची, बारीक हलक्याची.

ह्याला खोलीत फाटा म्हणत. रस्त्याला फाटा फुटतो तसा, फक्त अलीकडचा रस्ता दिसत नाही. आणि त्या दोन रेघांना फांद्या. मावशीचं काम म्हणजे फाटे शोधायचे, मोडण्याच्या जागेवर खूण करायची, दोन्ही फांद्यांवर खुणा करायच्या, पुढचं चित्र.

ती एकदा मला म्हणाली होती, "एखादी व्यक्ती गेल्यावर कळतं ना, की ती इथे होती. तसंच हे. मोडल्याशिवाय पत्ता लागत नाही." असं काही बोलून गेल्यावर ती लगेच उठून कुठलंतरी काम काढी.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन तिला फार काळ झाला नव्हता. डॉक्टरांनी चांगलं झालं म्हणून सांगितलं होतं, पण डावीकडचं जग तिला थोडं धुतल्यासारखं, पांढुरकं दिसे. हे तिने खोलीत कोणाला सांगितलं नव्हतं. ज्याच्या नजरेचा भरवसा नाही त्याला टेबलावर ठेवत नसत, खाली रिळांच्या कोठारात पाठवत. कोठारातलं काम वाईट नव्हतं. तिथे फक्त बघायला काही नव्हतं.

अशात मॅडम आल्या, त्या प्रयोगाच्या नव्या शास्त्रज्ञ. वयाने मावशीपेक्षा बऱ्याच लहान, कायम एका खांद्यावरून पिशवी घसरत असलेल्या. आल्या आल्या त्यांनी दोघींना एक नवीन प्रश्न दिला. आजवर फाटा सापडला की झालं. आता त्यांना हवं होतं, जाड फांदी कुठल्या बाजूला जाते ते. चित्रात वर की खाली.

मावशीने विचारलं, त्याने काय कळणार? हा प्रश्न तिथे सहसा कोणी विचारत नसे. मॅडम खुर्ची ओढून बसल्या आणि सांगायला लागल्या. लॅम्डा स्वतःभोवती फिरत असतो, निदान तसं धरून चालता येतं. फिरणाऱ्या वस्तूला आस असतो. आणि हा कण मोडताना एक खोड दाखवतो: त्याचा जड तुकडा आसाच्या एका ठरावीक टोकाकडे जाणं जास्त पसंत करतो. प्रत्येक वेळी नाही, पण जास्त वेळा. तेव्हा जाड फांद्या कुठे गेल्या ते पुष्कळ फाट्यांत बघितलं, की मोडण्याआधी ते कण कसे फिरत होते ते कळेल.

"आणि कसे फिरत असतील?" मावशीने विचारलं.

"कसेही. एवढी मोठी टक्कर झाल्यावर कोणाचा कोणाला मेळ राहणार? अर्धे असे, अर्धे तसे. सगळ्यांना तसंच वाटतं." मॅडमनी पिशवी पुन्हा खांद्यावर चढवली. "म्हणूनच बघायचंय."

त्या संध्याकाळी मावशीने हे घरी काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, सांगितलं. काकांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि हात पुसण्याचं फडकं ते घरीही खांद्यावर टाकूनच येत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे स्क्रू आहे. उजवीकडे फिरवला की आत जातो." मावशीला हे पटलं. मग काकांनी विचारलं, सगळे उजव्या आट्यांचेच का? सायकलच्या डाव्या पेडलला उलटे आटे असतात, नाहीतर चालवता चालवता पेडल निघून हातात येईल. तुमच्या त्या कणांतही डावी पेडलं असतील. मावशी म्हणाली, कणांची सायकल तुमच्याकडे दुरुस्तीला आली की बघा. पण मनात तो प्रश्न राहिला. अर्धे उजवे, अर्धे डावे, असंच असेल का?

काही आठवड्यांनी मॅडमनी भिंतीवर दोन कागद लावले. एक मावशीच्या टेबलाचा, एक घाईबाईच्या. प्रत्येकावर दोन खांब काढलेले: जाड फांदी वर गेलेले फाटे आणि खाली गेलेले फाटे. घाईबाईचे दोन्ही खांब जवळजवळ सारख्या उंचीचे होते. मावशीचा वरचा खांब खालच्यापेक्षा चांगलाच उंच होता. लांबूनही दिसत होता.

घाईबाई कंबरेवर हात ठेवून दोन्ही कागदांकडे बघत राहिली. "ताई, तुमचे कण जरा जास्तच वर बघतात. माझे बघा कसे, सरळमार्गी."

मॅडम हसल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या की दोन टेबलांवर दोन वेगवेगळी जगं असू शकत नाहीत. त्यांना आपल्या वरिष्ठांना उत्तर द्यायचं होतं आणि वरिष्ठांचं म्हणणं होतं की अपेक्षेप्रमाणे आलेलं टेबल ठेवा, दुसऱ्याची नजर तपासून घ्या.

नजर. मावशीला बाकीचं ऐकू आलं नाही.

माणसाला स्वतःच्या नजरेबद्दल शंका आली की तो काय करेल सांगता येत नाही, कारण शंका तपासायलाही तीच नजर वापरावी लागते. त्या दिवशी घरी जाताना मावशी एक डोळा झाकून रस्त्याच्या कडेचे खांब बघत गेली, मग दुसरा झाकून. खांब दोन्ही वेळा उभेच होते. मग तिला वाटलं, उभे आहेत हे मला आधीच माहीत आहे, म्हणून दिसताहेत.

दुसऱ्या दिवसापासून तिने जे केलं ते तिला प्रामाणिकपणाचंच वाटलं. आपण वरचे फाटे जास्त बघतो ना, मग खालचे मुद्दाम शोधायचे. प्रत्येक चित्रात ती आधी खाली झुकलेली जाड फांदी शोधू लागली. पुसट, अर्धवट, इतर वेळी जिच्यावरून नजर सरकली असती अशीही. वर गेलेली एखादी संशयास्पद दिसली तर सोडून द्यायची. आठवडाभर तिने असं स्वतःच्या विरुद्ध काम केलं. मान दुखायला लागली. रिळं उशिरा संपू लागली आणि घाईबाईचे चहा वाढले.

मग मॅडम मावशीच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. हातात तिसरा कागद होता. त्यावरचे दोन्ही खांब अगदी सारखे, फुटपट्टी धरल्यासारखे.

"ताई, ह्या आठवड्यात काय बदललं?"

मावशीने आधी "काहीच नाही" म्हटलं. मग प्रोजेक्टर बंद केला. टेबल एकदम नुसतं पांढरं झालं. त्या पांढऱ्याकडे बघत तिने सगळं सांगितलं: खालचे शोधत होते, वरचे सोडत होते, आणि हो, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डावीकडचं पांढुरकं दिसतं, आधी सांगायला हवं होतं. कोठारात जायची तयारी आहे. पण जायच्या आधी एक कळलं तर बरं होईल.

"काय?"

"तो झुकाव माझ्यात आहे का त्यांच्यात."

मॅडमनी तिसऱ्या कागदाची घडी घातली. रागावल्या होत्या हे उघड होतं, आठवड्याचं काम पाण्यात गेलं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमचा डोळा वाकडा असला तरी चालेल मला. वाकडा आहे हे कळलं की मी तो हिशेबात धरीन. पण तुम्ही तो आतल्या आत सरळ करायला लागलात तर मी काय धरू? जे दिसलं ते सांगा. जे दिसायला हवं ते नको."

मावशीने ते वाक्य पुढे मला अनेकदा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या प्रसंगात.

मॅडमनी जो उपाय काढला तो साधा होता. फिल्म पारदर्शक असते. ती पालथी घालून प्रोजेक्टरमध्ये लावली की चित्राची वरची बाजू खाली येते आणि खालची वर, बाकी सगळं जागच्या जागी. झोत तसाच डावीकडून उजवीकडे. रेघांकडे बघून काही कळायचं नाही. कडेला छापलेला आकडा मात्र उलटा दिसला असता, म्हणून मॅडमनी तिथे काळी पट्टी चिकटवली. काही रिळं सुलटी लावायची, काही पालथी. कोणती कशी ते फक्त मॅडमना ठाऊक. आणि दोन्ही टेबलांवर.

"माझ्याही?" घाईबाईने विचारलं. "माझं तर बरोबर आलंय."

मॅडम म्हणाल्या, बरोबर आलंय असं वाटतं म्हणूनच.

झुकाव मावशीच्या नजरेत असेल तर चित्र पालथं घातल्याने नजर बदलणार नव्हती. टेबलावर ती वरच्याच फांद्या जास्त बघणार, पण त्या आता खऱ्या तर खालच्या असणार. म्हणजे सुलटी आणि पालथी रिळं एकत्र केली की तिचा झुकाव आपोआप मिटणार. आणि कणांत असेल तर टेबलावरच्या जाड फांद्या चित्राबरोबर उलटतील आणि खऱ्या हिशेबात झुकाव तसाच उरेल. मावशीला हे समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिने घरी काकांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. काकांचा चेहरा पडला.

"एवढंच? चाक स्टँडला लावलं आणि रिम एका बाजूला सरकलेली दिसली, की आम्हीही चाक उलटं लावून बघतो. चाक वाकडं का स्टँड वाकडा. मला वाटलं, विज्ञान काहीतरी वेगळं करत असेल."

"तुमचा स्टँड मुद्दाम सरळ दाखवायला जात नाही. मी गेले होते," मावशी म्हणाली.

नंतरचे दिवस तिला विचित्र गेले. सुरुवातीला प्रत्येक चित्र बघताना ती विचार करी, हे सुलटं का पालथं? काळ्या पट्टीकडे नजर जाई. मग हळूहळू ते गळून पडलं. वर खरंच वर आहे का हे कळायला मार्गच नसेल तर वरची बाजू घेऊन करायचं काय. फाटा यायचा, ती खूण करायची. तिला आठवेना की याआधी कधी तिने काही न ठरवता नुसतं बघितलं होतं का. लहानपणी तापात पडून छताकडे बघितलं होतं तेव्हा कदाचित.

मॅडमनी नवे कागद लावायच्या आधी दोघींना बोलावून घेतलं. खोलीत दिवा लावला होता. पहिल्यांदा त्यांनी मावशीचा कागद टेबलावर ठेवला.

वरचा खांब अजून उंच होता. पण पूर्वीइतका नाही. झुकाव साधारण निम्मा उरला होता.

मावशी खांबांकडे बघत राहिली. म्हणजे निम्मा माझा, ती म्हणाली. मॅडमनी मान डोलावली. मग त्यांनी दुसरा कागद ठेवला, घाईबाईचा. त्यावरचे खांब आता सारखे नव्हते. वरचा उंच होता. मावशीच्या कागदावर होता तेवढाच.

घाईबाईने कागद उचलला, दिव्याजवळ नेला, उलटा करून बघितला, परत ठेवला. "हा माझा नाही."

मॅडमनी तिला टेबलापलीकडची तिची खुर्ची दाखवली. दोघींच्या नजरेची खोड एकच होती: आपल्यापासून दूर जाणारी जाड फांदी दोघींना चटकन दिसे, आपल्याकडे येणारी कमी. पण मावशीपासून दूर म्हणजे चित्रात वर, आणि घाईबाईपासून दूर म्हणजे चित्रात खाली. मावशीची खोड कणांच्या झुकावात मिळाली आणि तो दुप्पट दिसला. घाईबाईच्या खोडीने तो खाऊन टाकला आणि सगळं सरळ दिसलं. डोळ्याच्या ऑपरेशनचा ह्यात काही संबंध नव्हता. खुर्च्यांचा होता.

"म्हणजे मी इतके दिवस सरळ नव्हते," घाईबाई म्हणाली, "ताईंच्या बरोबर उलट वाकडी होते." मग तिलाच हसू आलं. "आणि ह्या कणांनी तुमच्या साहेबांची चांगली फिरकी घेतली, मॅडम."

मावशी हसली नाही. ती अजून कागदाकडे बघत होती. तिचा स्वतःचा वाटा त्यातून गेला होता आणि उरलेला ती बघत होती. कोणाच्याही खुर्चीचा नसलेला. टक्करीत सगळं विस्कटून जातं, कोणी कसंही फिरतं, असं सगळ्यांनी धरलं होतं. आणि तरी एवढ्या दणक्यातून बाहेर पडताना ते कण एका बाजूने जास्त फिरत होते, जणू आदळण्याच्या क्षणीही त्यांना कुठलीतरी बाजू ठाऊक होती.

"का पण?" तिने विचारलं.

मॅडमनी पिशवी खांद्यावर घेतली. ती लगेच घसरली. "माहीत नाही. कोणालाच नाही अजून."

मावशीच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं हे मला तिच्या सांगण्यावरून कळलेलं नाही. मॅडमनी पुढे कधीतरी तिच्याबद्दल बोलताना सांगितलं. त्या म्हणाल्या, आपली परीक्षा संपली असं वाटून ताई सैल होतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली, जणू काम आता सुरू झालंय.

टेबलावर ती राहिली. त्या खोलीत मात्र एक नवा रिवाज पडला. दुपारचा चहा झाला की दोघी उठत आणि खुर्च्या बदलत, मावशी घाईबाईच्या टेबलावर पलीकडून बसे आणि घाईबाई तिच्या. नंतर कामाला आलेल्यांना ह्याचं कारण माहीत नव्हतं. ते फक्त उठत आणि बदलत.

घरी जेवताना मावशी कायम भिंतीकडे पाठ करून बसे आणि काका दाराकडे. ही जागा लग्न झाल्यापासूनची. कागद दाखवले त्याच आठवड्यात एकदा काका हात धुवून आले तर मावशी त्यांच्या खुर्चीत बसलेली.

"मी कुठे बसू?"

"तिकडे. माझ्या."

काका बसले, जरा अवघडून. मावशी जेवता जेवता त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत होती. तिथे तिच्या सासऱ्यांचा फोटो होता. रोज ती पाठ करून बसे तो.

"तो तिरका आहे," ती म्हणाली.

"आहेच."

"कधीपासून?"

"मला वाटलं, तुला तसाच हवाय. तूच पुसतेस ना त्याला."

मावशीने घास खाली ठेवला. उठून ती फोटोसमोर गेली, मग टेबलाच्या ह्या बाजूला आली, मग त्या. जवळून तो तिला तिरका वाटेना. लांबून वाटे. मधेच शंका आली की भिंतच एका बाजूला गेलेली आहे आणि फोटो तेवढा सरळ आहे. काका म्हणाले, जेवून घे, तो कुठे पळत नाही. तिने त्यांच्या खिशात हात घातला. तिथे नेहमी असतात तसे दोन नट होते. त्यांतला मोठा तिने शिवणाच्या दोऱ्याला बांधला आणि खुर्चीवर चढून दोरा ओळंब्यासारखा चौकटीच्या कडेला सोडला.

काकांनी ताट बाजूला सारलं आणि खुर्ची धरून उभे राहिले. नट खाली लोंबकळत फिरत होता, आधी भराभर, मग सावकाश. तो थांबेपर्यंत काही ठरवता येणार नव्हतं. मावशी वाकून बघत होती, कुठल्या बाजूने फिरतोय ते.